‘तुम्ही जाऊन या, मी घरी थांबतो’

वाचकहो, रविवारची दुपार आहे. नातवंडांच्या हातात प्लास्टिकची बादली आणि फावडे आहे, सुनेने पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या आहेत, आता फक्त रिक्षा बोलावायची बाकी आहे. अशा वेळी घरातील आजोबा किंवा आजी शांतपणे म्हणतात, “तुम्ही जाऊन या, मी घरी थांबतो.” घरच्यांना ते खरे वाटते. ‘त्यांना आता गर्दी नको असते’, ‘त्यांना घरीच बरे वाटते’ असे म्हणून सारे निघतात. दार बंद होते आणि मागे उरलेली व्यक्ती दूरचित्रवाणी लावते.

मी विलेपार्ल्यात गेली सत्तावीस वर्षे दवाखाना चालवते. आमच्याकडून जुहूची चौपाटी रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, त्यामुळे ‘मुलांना घेऊन समुद्रावर जाणे’ हा इथल्या घरांचा जुना कार्यक्रम. हे वाक्य मी दवाखान्यात असंख्य वेळा ऐकले आहे. थोडे खोलात जाऊन विचारले की त्यामागची कारणे बाहेर येतात, आणि ती बहुधा कंटाळ्याची नसतात. ‘तिथे लघवीची सोय नाही.’ ‘वाळूत बसले की उठता येत नाही.’ ‘माझ्यामुळे सगळ्यांना हळू चालावे लागते.’ ही कारणे आपण मुलांना सांगत नाही, कारण सांगताना संकोच वाटतो. या तिन्ही कारणांवर उपाय आहेत. ते सांगण्यापूर्वी मी स्वतः केलेली एक चूक आपल्यासमोर ठेवते.

एका मे महिन्यातली गोष्ट

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. माझे वडील, आप्पा, तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले, मूळचे श्रीवर्धनचे, म्हणजे समुद्राशी जन्माची ओळख असलेले. रक्तदाबासाठी ते दोन गोळ्या घेत, त्यांतील एक लघवी वाढवणारी. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मे महिन्याच्या सुटीतल्या एका रविवारी दुपारी चार वाजता आम्ही जुहूला पोहोचलो. मुलीसाठी मी टोपी, बदलायचे कपडे, बिस्किटे, ग्लुकोजचे पाणी, जखमेवरचे मलम असे सारे आठवणीने घेतले होते. आप्पांसाठी काय घेतले होते? एक चटई. तिच्यावर त्यांना बसवले, आमच्या चपला आणि पिशव्या त्यांच्याजवळ ठेवल्या आणि आम्ही पाण्याकडे गेलो.

तासाभराने मुलीने पाण्याच्या कडेने हाक मारली, “आजोबा, लवकर या, खेकडा!” आप्पा घाईने उठले, दोन पावले टाकली आणि कोसळले.

मी धावत पोहोचले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, अंगाला गार घाम होता, नाडी मंद लागत होती. त्यांना उताणे झोपवले, पाय पिशव्यांवर उंच ठेवले. मिनिटभरात त्यांनी डोळे उघडले आणि पहिले वाक्य उच्चारले ते, “चपला आहेत ना सगळ्यांच्या?” रुग्णालयात हृदयालेख काढला, तो व्यवस्थित होता. रक्तात सोडियम थोडे कमी निघाले. सलाइन लावल्यावर ते सावरले आणि दुसऱ्या दिवशी घरी आले.

कारण नंतर कळले. बाहेर जायचे म्हणून आप्पांनी सकाळच्या चहानंतर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. गोळ्या मात्र नियमाने घेतल्या होत्या. मी विचारले तेव्हा ते खाली बघत म्हणाले, “अगं, तिथे ऐन वेळी लागली तर कुठे जाणार? आणि तुला कसं सांगणार?” मी डॉक्टर, त्यांची मुलगी, दिवसाला पन्नास माणसांना लघवीविषयी प्रश्न विचारणारी. आणि माझ्या वडिलांना मी तो प्रश्न विचारला नव्हता.

शरीरात नेमके काय झाले

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाण्याची गरज असते, पण घशाला ते कळत नाही. त्यात लघवी वाढवणारी गोळी शरीरातून पाणी आणि क्षार बाहेर टाकत राहते. मुंबईच्या मे महिन्यात हवा इतकी दमट असते की घाम येतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. त्यामुळे शरीर आणखी घाम गाळते, आणि त्वचेकडे अधिक रक्त वळवते.

अशा स्थितीत मनुष्य तासभर जमिनीवर बसून एकदम उभा राहिला की रक्त पायांकडे उतरते. तरुणपणी रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचन पावून ते सावरतात. उतारवयात ही क्रिया सावकाश होते, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे कधी अधिकच सावकाश. मेंदूला काही क्षण रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो. यात हृदयविकार असतोच असे नाही. पण असे पडल्यामुळे खुब्याचे हाड मोडले तर पुढचे सगळे बदलते. आप्पा वाळूवर पडले, म्हणून निभावले.

आधी विचारा, मग ठरवा

काळजीवाहकांना माझी पहिली विनंती अशी की ‘येणार का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर ‘नको’ असेच येते. त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारा. किती वेळाने लघवीला जावे लागते? न थांबता किती चालता येते? किती उंच खुर्चीवरून आधाराशिवाय उठता येते? किती वाजता थकवा येतो? या चार उत्तरांवर सहल आखावी.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्याला विनंती अशी की ही उत्तरे खरी द्यावीत. वारंवार लघवी लागणे, खोकताना-शिंकताना थेंब गळणे, पुरुषांमध्ये प्रोस्टेटमुळे धार मंद होणे ही वयाबरोबर निमूटपणे सोसायची गोष्ट नाही. यांपैकी बऱ्याच तक्रारींवर व्यायाम, औषधे किंवा छोटे उपचार आहेत. सहलीच्या निमित्ताने तरी डॉक्टरांना सांगावे.

दिवस निवडण्याचा जुना हिशेब

समुद्रकिनारी वृद्ध माणसाला चालता येईल की नाही, हे बऱ्याच अंशी भरती-ओहोटीवर अवलंबून असते. भरतीच्या वेळी किनाऱ्याची रुंदी कमी होते आणि चालायला वरची कोरडी, भुसभुशीत वाळूच उरते. तिच्यात पाय रुततात, घोटे मुरगळतात, दम लागतो. ओहोटीच्या वेळी मात्र पाण्याने दाबून घट्ट केलेली ओलसर वाळूची सपाट पट्टी मोकळी होते. काठी टेकवून चालणाऱ्यालाही ती मानवते.

भरतीची वेळ कळण्यासाठी कोकणात एक जुना हिशेब आहे, आणि पाऊणकीचा पाढा पाठ असलेल्या पिढीला तो सहज जमेल. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे हा मेळ बसतो.

यावरून काय निघते? पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यांच्या नंतरचे दोन-तीन दिवस भरती दुपारी बारा ते सव्वादोनच्या दरम्यान असते, आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी ओसरत असते. वृद्धांसह किनाऱ्यावर जायला हे दिवस सोयीचे. अष्टमीच्या आसपासच्या संध्याकाळी टाळाव्यात. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर त्या दिवसाची वेळ पाहून घ्यावी. उधाणाच्या याच दिवसांत पाणी दूरवर जाते तसे वेगाने परतही येते, तेव्हा उघड्या पडलेल्या खडकांवर दूर जाऊ नये.

ऋतूंपैकी नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दम्याच्या आणि जुनाट खोकल्याच्या रुग्णांनी हिवाळ्यातील धुरकट सकाळ टाळून दुपारी चारनंतर जावे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत पाच वाजण्यापूर्वी वाळूवर उतरू नये. पावसाळ्यात समुद्र रस्त्याच्या कडेने, कठड्याआडून पाहावा. महानगरपालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस आधी जाहीर करते, त्या दिवशी तर किनाराच टाळावा.

एक गोष्ट सहज आठवली म्हणून सांगते. 1924 साली पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर प्रकृती सुधारण्यासाठी ते जुहूलाच येऊन राहिले होते. आजारातून उठलेल्या माणसाने समुद्राच्या वाऱ्यावर बसावे, ही समजूत तेव्हाही होती. आजच्या जुहूला तेवढी शांतता नाही, पण संध्याकाळचा वारा तोच आहे.

गोळ्यांचे वेळापत्रक

सहलीच्या दिवशी लघवीची गोळी परस्पर चुकवू नये, आणि पाणीही बंद करू नये. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा परिणाम साधारण सहा तास टिकतो. सकाळी आठला घेतली तर दुपारपर्यंत तिचा जोर ओसरतो आणि संध्याकाळची सहल निर्वेध होते. म्हणजे गोळी बदलण्यापेक्षा सहलीची वेळ बदलणे सोपे. थायाझाइड गटातील गोळ्यांचा परिणाम अधिक काळ राहतो. आपली गोळी कोणती, आणि त्या दिवशी ती मागे-पुढे घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी, जेवणाची वेळ चुकवू नये. परतीच्या वाहतुकीत तास-दीड तास सहज जातो आणि साखर उतरते. घाम, हाताला कंप, अचानक चिडचिड किंवा गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडातून काहीही देऊ नये.

हृदयविकाराची जिभेखाली ठेवायची गोळी पिशवीत नको, ज्याची त्याच्या खिशात हवी. ती घेताना बसूनच घ्यावी, कारण तिनेही रक्तदाब उतरतो. शिवाय एका कागदावर नाव, आजार, गोळ्यांची नावे आणि घरातील दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहून तो वरच्या खिशात ठेवावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीसाठी तर हे अत्यावश्यक. लहान मुलाच्या खिशातही असाच कागद असावा. गर्दीत चुकण्याचा धोका दोघांनाही सारखाच.

पाणी आणि स्वच्छतागृह

घरून निघताना लघवीला जाऊन यावे. किनाऱ्यावर पोहोचताच पहिले काम म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून घेणे, आणि ते चालू आहे का, आत कमोड आहे की भारतीय पद्धतीचे भांडे, हे घरातील एखाद्या तरुणाने स्वतः जाऊन पाहणे. गुडघे दुखणाऱ्या आजींना ‘आहे तिथे एक शौचालय’ एवढी माहिती उपयोगाची नाही. बसण्याची जागा त्याच्या जवळच निवडावी. सोय नसेल तर एखाद्या उपाहारगृहात चहा घेण्याच्या निमित्ताने थांबण्याचा बेत आधीच ठरवावा. ज्यांना नियंत्रण राहत नाही त्यांनी प्रौढांसाठीची शोषक पँट घालण्यात कमीपणा मानू नये. माझे कित्येक रुग्ण तिच्यामुळे पुन्हा नाटकाला आणि लग्नाकार्याला जाऊ लागले आहेत.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता, दर अर्ध्या-पाऊण तासाने अर्धा पेला प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी ती मर्यादा पाळावी. शहाळे बहुतेकांना चांगले, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

पाय, वाळू आणि खुर्ची

चटई मुलांसाठी. ज्येष्ठांसाठी घडीची खुर्ची न्यावी, तीही हाताची आणि गुडघ्याइतक्या उंचीची. तिचे पाय वाळूत रुतू नयेत म्हणून खाली फळकूट किंवा जाड पुठ्ठा ठेवावा. उठताना आधी पावले वर-खाली हलवावीत, मग उभे राहून दहा आकडे मोजावेत आणि नंतरच चालावे. हाक आली तरी घाई करू नये. हे वाक्य मी अनुभवाने लिहिते आहे.

मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी चालू नये. दुपारच्या तापलेल्या वाळूने तळपाय भाजले तरी त्यांना कळत नाही. काच, तार, शंखाची धार यांचेही तसेच. मागे पट्टा असलेली, बोटे झाकणारी चप्पल किंवा मऊ बूट घालावेत. पायाला जखम असेल तर समुद्राच्या पाण्यात पाय घालू नयेत. मुंबईच्या समुद्रात सांडपाणी मिसळते, आणि साधी चीर चिघळायला तेवढे पुरते. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून, नातवंडाला तळपाय पाहायला सांगावे. लहान मुलांची नजर तीक्ष्ण असते आणि त्यांना हे काम आवडते.

सूर्यास्त पाहून लगेच निघावे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना मावळतीचा झगझगाट आणि त्यानंतरचा अंधार या दोहोंत पायरी दिसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे उलटेपर्यंत वाळू आणि खारे पाणी दूरच ठेवावे.

ज्यांना वाळूवर उतरणे शक्यच नाही, त्यांच्यासाठीही समुद्र बंद नाही. वांद्र्याचे बँडस्टँड आणि कार्टर रोड येथे समुद्रालगत फरसबंदीचा रस्ता आहे, अधूनमधून बसायला बाक आहेत. बँडस्टँडच्या टोकाला 1640 मध्ये पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मुले तिथे हुंदडतील, आजी बाकावर बसून सागरी सेतू पाहतील.

भेळ खावी की नाही?

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. समुद्रावर जाऊन काहीच न खाणे मुलांना शिक्षा वाटते, आणि आजोबांनाही. नियम एवढाच ठेवावा की समोर तापलेले, वाफाळते असेल तेच घ्यावे. निखाऱ्यावर भाजलेले कणीस, गरम भजी, गरम पावभाजी यांत जंतूंचा धोका कमी. पाणीपुरीचे पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे आणि चटण्या यांतून विषमज्वर, कावीळ आणि जुलाब पसरतात. पावसाळ्यात तर ते कटाक्षाने टाळावेत. पावभाजीत मीठ आणि लोणी दोन्ही भरपूर असते. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी ती नातवंडासोबत एका बशीत वाटून खावी. कणीस खाण्यापूर्वी कवळी आठवावी आणि दाणे सोलून घ्यावेत.

मुलांवर लक्ष कोणाचे?

आता एक कठोर गोष्ट. ‘मुलांजवळ आजोबा आहेत’ असे म्हणून तरुण मंडळी भेळेच्या रांगेत जातात. सत्तरीच्या माणसाला धावत पाण्यात शिरून मूल ओढून काढता येत नाही, आणि त्याने तसा प्रयत्न केला तर दोघेही संकटात सापडतात. पाण्याजवळ खेळणाऱ्या मुलांपासून हातभर अंतरावर एक धडधाकट प्रौढ सतत असलाच पाहिजे, आणि तो कोण हे नाव घेऊन ठरवावे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. जून 2023 मध्ये वादळी समुद्रात उतरलेली मुले जुहूला बुडाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. जीवरक्षकाने ‘नको’ म्हटले की वाद घालू नये.

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळसर, पारदर्शक फुग्यासारखे जीव वाहून येतात. त्यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. ते मेलेले दिसले तरी त्यांच्या दोऱ्यांसारख्या शुंडांनी दंश होतो. दंश झाल्यास जागा चोळू नये, वाळू लावू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चिकटलेले दोरे चिमट्याने काढावेत आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे बुडवावा. श्वास लागला किंवा अंगभर पित्त उठले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

अचानक काही झाले तर

कोणी चक्कर येऊन पडले तर उचलून बसवू नका. ही चूक गर्दीत हमखास होते. आडवेच राहू द्या, पाय फूटभर उंच करा, कपडे सैल करा, सावली करा. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, छातीत दुखत असेल, तोंड वाकडे झाले असेल, बोलणे अडखळत असेल किंवा अंग गरम होऊन माणूस बरळत असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पटकन बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

त्या हाकेचे काय झाले

आप्पा बरे झाले, पण समुद्राचा विषय घरात बंद झाला. आम्ही समजत होतो की आप्पाच घाबरले आहेत. सहा-सात महिन्यांनी एका रात्री मुलगी अंथरुणात पडल्या पडल्या मला म्हणाली, “आई, मी हाक मारली म्हणून आजोबा पडले ना?” इतके दिवस आठ वर्षांच्या मुलीने ते एकटीने मनात बाळगले होते. दुसऱ्या दिवशी मी आप्पांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग उठून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेले आणि नातीला हाक मारली.

“पाऊणकी येते का गं तुला?”

“म्हणजे काय, आजोबा?”

“शाळेत अपूर्णांक शिकवले असतील की. तीन छेद चार. पुढच्या रविवारी तिथी कोणती ते वाच.”

“द्वितीया.”

“दोनाची पाऊणपट?”

“दीड.”

“म्हणजे दुपारी दीडला भरती. पाच वाजता जाऊ. पाणी मागे गेलेलं असेल, मला तुझ्याबरोबर चालता येईल. पण मी सावकाश उठणार, चालेल?”

त्या जानेवारीत आम्ही पुन्हा जुहूला गेलो. खुर्ची होती, पाण्याची वेगळी बाटली होती, स्वच्छतागृह मी आधी पाहून आले होते. आप्पांनी दुपारपासून नीट पाणी प्याले होते आणि दोनदा जाऊन आले, कोणालाही न लाजता. ओल्या वाळूवर ते नातीचा हात धरून शंभरएक पावले चालले असतील. पिशव्या मी सांभाळल्या. त्यानंतर पाच वर्षे, ते गेले त्या वर्षापर्यंत, तारीख तेच ठरवीत.

माझी मुलगी आता वीस वर्षांची आहे. परवा तिने माझ्या आईला चौपाटीवर नेण्याचा बेत केला. आई सवयीने म्हणाली, “तुम्ही जाऊन या गं, मी थांबते घरी.” मुलीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून तिथी पाहिली, मनाशी हिशेब केला आणि विचारले, “आजी, तुला दर किती वेळाने जावं लागतं? खरं सांग, त्याप्रमाणे बसायची जागा बघते.”

आईने आधी माझ्याकडे पाहिले, मग खरे उत्तर दिले.